जलसमाधीची सरकारी तजवीज

चीनला मदत म्हणून धाडण्याच्या हेतूने १९४६ साली बांधली गेलेली, परंतु चीनचे दर्शन जिच्या नशिबी नव्हते अशी 'वुल्फ आयलंडर दोन' ही नौका कॅनडातील किंग्स्टन शहर आणि वुल्फ बेट यांच्या दरम्यान माणसे व मोटारी इमानेइतबारे वाहत राहिली. पुढे नवी नौका रुजू झाल्यानंतर तिला सेवेतून फारकत मिळाली आणि १९८५ साली, तिच्या हातून काही कसूर घडला म्हणून नव्हे, तर डायव्हिंगची हौस असलेल्या मंडळींचे मनोरंजन व्हावे या लोकहितैषी उद्देशाने, ऑन्टारिओ सरोवराच्या तळाशी तिची रीतसर रवानगी झाली. त्या परिसरात बुडालेल्या नौकांचा दुष्काळ होता, असे मुळीच नाही. परंतु वादळाने बुडविलेली नौका अपघाताच्या सदरात जमा होते आणि मंजुरी घेऊन बुडविलेली विकासाच्या. कालांतराने झेब्रा शिंपल्यांनी, कोणाच्याही परवान्याची प्रतीक्षा न करता, सरोवरात ठाण मांडले, पाणी गाळून नितळ केले आणि तळाच्या नौकांवर परस्पर कब्जा बसविला. हयातभर जिने उतारूंना कोरडे ठेवले, तिच्या भेटीस लोक आता पदरचे पैसे मोजून भिजत जातात. कर्तव्यदक्ष सेवकाच्या निवृत्तीची याहून किफायतशीर व्यवस्था आमच्या पाहण्यात नाही.