चाकांची बढती

अमेरिकेत कापडी भिंतींचा, घडी घालून साध्या मोटारीमागे ओढता येणारा ट्रेलर विकून ‘फिफ्थ व्हील’ म्हणजे घरासारखा अवजड ट्रेलर घेणं ही बढतीच होय, याबद्दल शंका नसावी. तो ओढायला दणकट पिकअप लागतो. म्हणजे एका बढतीच्या पोटी दुसरी आपसूक जन्मते. बटण दाबलं की भिंती बाहेर सरकतात, आत विजेची शेकोटी पेटते आणि जंगलातल्या धुराची कटकट कायमची मिटते. कोणी म्हणेल, माँटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या डोंगरी टप्प्यावर 21 फुटांहून लांब वाहनांना बंदी आहे आणि हे बिऱ्हाड तर सहज 30-35 फुटांचं. आक्षेप उथळ आहे. डोंगर काय, असतो तिथेच असतो. सोफा मात्र सोबत येतो, आणि त्यावर बसून टीव्हीवर तोच डोंगर ढगांशिवाय दिसतो.

आता या प्रगतीत अडचण उरली ती फक्त चाकांची. तीही सुटल्यात जमा आहे: 400 चौरस फुटांपर्यंतचं ‘पार्क मॉडेल’ एकदा तळावर टेकवलं की सहसा हलत नाही. त्याच्या अंगणात पोरांनी उघड्यावर झोपायचा हट्ट धरलाच, तर घडी घालून साध्या मोटारीमागे ओढता येणारा एक सुटसुटीत कापडी प्रकार बाजारात मिळतो म्हणतात.