सुट्या टोकांचा बंदोबस्त : जांभूळ व पंचक्रोशीसाठी मार्गदर्शिका

प्रास्ताविक

जोड किती महत्त्वाचा, हे जांभूळकरांना वेगळे सांगायला नको. बारवी धरणाचे पाणी इथल्या एमआयडीसीच्या केंद्रात शुद्ध होऊन पार ठाणे-डोंबिवलीकडे जाते. धरण काठोकाठ भरलेले असले, तरी वाटेत एक जोड गळला की घरात हंडे-कळश्या रांगेने उभ्या राहतात. क्रोशाचेही तसेच. सबब, खालील नियम आजपासून लागू समजावेत.

नियम 1 : गुंडा संपण्याबाबत

गुंडा ओळीच्या शेवटी कधीच संपत नाही. तो ऐन मध्यात, शक्यतो लोकलच्या गर्दीत आणि नवा गुंडा पिशवीच्या तळाशी असतानाच संपतो. त्यामुळे वीतभर दोरा उरला की सुई थांबवावी. "अजून दोन खांब निघतील" हा मोह आवरावा. निघतात, पण मग टोक लपवायला दोरा उरत नाही.

नियम 2 : जोडणीबाबत

खांबाचे शेवटचे दोन फास सुईवर असताना जुना दोरा सोडावा. नवा दोरा सुईवर घेऊन दोन्ही फासांतून ओढावा. रंग बदलतानाही हीच रीत. खांब आधी पुरा करून मग रंग बदलणाऱ्यांच्या नव्या खांबाच्या डोक्यावर जुनाच रंग बसतो आणि तो लांबून दिसतो.

नुसती गाठ मारून मोकळे होऊ नये. ती पाठीमागे ढकलली तरी पुढे येते, आणि धुण्यात सुटते.

टोके थुंकीने ओली करून तळहातांत चोळण्याचा एक जुना उपाय आहे. तो मेंढीच्या लोकरीसारख्या, चोळल्यावर एकजीव होणाऱ्या धाग्यावरच चालतो. आपल्याकडे लोकर म्हणून मिळणारा बराचसा माल ॲक्रिलिकचा असतो. तिथे थुंकी वाया जाते आणि शेजारी बसलेल्या बाई सरकून बसतात.

नियम 3 : टोके लपवण्याबाबत

टोक बोथट सुईत ओवून खांबांच्या पायथ्यातून एका दिशेला न्यावे, मग एक धागा सोडून उलट फिरवावे. हे उलट फिरणेच टोकाला धरून ठेवते. नंतर वीण चांगली ताणावी आणि मगच कात्री लावावी. जाळीच्या नक्षीत टोक भरीव भागातूनच न्यावे; भोकातून नेल्यास ते सगळ्यांना दिसते.

नियम 4 : बाळंतविड्याबाबत

येथे विनोद स्थगित. मोज्याच्या आतला सुटा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला, तर बोटाचा रक्तपुरवठा अडू शकतो. मोजे उलटे करून तपासल्याशिवाय देऊ नयेत.

नियम 5 : "शेवटी एकदम बघू" याबाबत

चार रंगांच्या एका चौकोनाला आठ टोके. साठ चौकोनांच्या चादरीला 480. अनेक चादरी माळ्यावर अर्धवट पडून असतात, त्या विणायचा कंटाळा आला म्हणून नव्हे. प्रत्येक चौकोनाची टोके त्याच बैठकीत लपवावीत.

तपासणी व प्रमाणपत्र

रुखवतातला रुमाल उलटा करून बघणारी एक मावशी प्रत्येक लग्नात असते. तिला अडवू नये. तिने "कुणी विणला गं?" असे विचारले, तर काम पास. नुसते "छान हं" म्हणून रुमाल घडी घालून ठेवला, तर एक टोक राहिले आहे.