जोडीचा मामला

कुणाचा फ्लॅट विकायला निघाला, कुणाची बदली झाली किंवा नवी सून पहिल्यांदा माळ्यावर चढली, की मला फोन येतो. 'तुम्हाला त्यातलं कळतं म्हणे. आमच्याकडे जुने स्पीकर आहेत. इंपोर्टेड.' कंपनी कोणती, असं विचारलं की उत्तर येतं, 'मस्कतहून आणलेत.' मॉडेल विचारलं की, 'चांगले जड आहेत.'

मी पोचेपर्यंत स्पीकरवरची मनी प्लँटची कुंडी हलवलेली असते. तिच्या बुडाचं पांढरं वर्तुळ मात्र व्हिनिअरवर कायमचं उमटलेलं असतं. त्यापायी किमतीतून काय जातं, ते मी चहा होईपर्यंत सांगत नाही. मंडळी समोर बसतात, कुणीतरी जाळीवरची धूळ फुंकतं, आणि मी स्पीकर उचलून त्याचं तोंड भिंतीकडे करतो. यजमानांना हा घराण्याचा अपमान वाटतो. पण समोरचा बिल्ला काय, कुणीही चिकटवतो. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मी एकाच जोडीत डावीकडे जपान आणि उजवीकडे इंग्लंड पाहिलेलं आहे. पाठीवरच्या पट्टीवर मात्र मॉडेल, अनुक्रमांक, देश, किती ओहम, हे सगळं असतं. आणि तिथे खोटं लिहायचे कष्ट सहसा कुणी घेत नाही, कारण पाठीमागे बघतंच कोण?

पुढचा प्रश्न ठरलेला. 'किती वॅटचे असतील?' नव्वदच्या दशकात आपल्याकडे डब्याएवढ्या स्पीकरवरही हजार वॅट पीएमपीओ असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असायचं. ते खरं असतं तर गणपतीच्या आरतीला सोसायटीचा फ्यूज गेला असता. आरएमएसच्या मापानं त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरायचे. आणि मुळात स्पीकरवर लिहिलेले वॅट तो काढतो असं नाही. अँप्लिफायरनं दिलेले तो किती झेलेल, एवढंच ते सांगतात. ती सहनशक्ती आहे, कर्तृत्व नव्हे. हे मी एका घरी समजावून सांगत असताना वहिनींनी यजमानांकडे असं काही पाहिलं, की मी घाईघाईनं स्क्रू ड्रायव्हर काढला.

वूफर बाहेर काढला की खरं वय कळतं. अमेरिकन युनिटवर पुष्कळदा आकड्यांचा शिक्का असतो. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: २२० म्हणजे जेन्सन, ३२८ म्हणजे युटा. मग वर्ष, मग आठवडा. गोम अशी, की वर्षाचा बहुतेक वेळा शेवटचा आकडाच असतो. ८ म्हणजे १९५८, ६८ की ७८, ते आपण ताडायचं. मालक न चुकता सर्वांत जुनं साल निवडतात. स्वतःच्या वयातली वर्षं लपवणारी माणसं स्पीकरला मात्र सढळ हातानं वीस वर्षं बहाल करतात.

यानंतर मी वूफरच्या कडेला बोट लावतो, आणि घरात शांतता पसरते. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या पुष्कळ स्पीकरना कोनाभोवती फोमची कड आहे. हा पॉलियुरेथेन फोम दमट हवेत आपोआप कुजतो, वाजवा की ठेवून द्या. बोट लागलं की शिळ्या खारीसारखा भुगा पडतो. 'तुम्हीच मोडलंत,' असं तोंडावर कुणी म्हणत नाही, पण चहाचा दुसरा कप येत नाही. जपून ठेवलेली वस्तू चांगलीच राहते, या श्रद्धेवर आपली सगळी माळेसंस्कृती उभी आहे, त्यामुळे हा भुगा फार लागतो. नवी कड बसवून मिळते, युनिट वाचतं. जेबीएलच्या एल १०० या गाजलेल्या स्पीकरची गंमत याच्या उलट. त्याच्या वूफरची कड कापडाची, ती टिकते. पण ज्या नारिंगी फोमच्या जाळीमुळे तो लांबूनही ओळखू यायचा, तिचीच पूड होते.

वूफरच्या मधल्या टोपीला खळगा असेलच. तो घरातल्या बाळानं पाडलेला असतो. ते बाळ आता बंगळुरूला मॅनेजर असतं आणि फोनवरून 'जास्तीत जास्त किती येतील' असं विचारत असतं.

भाव सांगण्याआधीच ते नेटवरचा आकडा दाखवतं. मी म्हणतो, अहो, एवढे मागताहेत म्हणूनच तो स्पीकर अजून तिथे आहे. गेला कितीला, ते बघा. अर्थात भावाचं शास्त्र सरळ असतं तर यामाहाचा एनएस-१० कुणी विचारला नसता. १९७८ साली घरगुती म्हणून आलेला हा पांढऱ्या कोनाचा स्पीकर घरांत फारसा रुजला नाही; मग स्टुडिओवाल्यांनी उचलला, कारण यावर बरं वाजलेलं गाणं कुठेही बरं वाजतं, असा त्यांचा अनुभव. त्याचा ट्वीटर इतका चिरका, की तिथली जाणकार मंडळी त्यावर टिश्यू पेपर चिकटवायची. मग कोणता कागद चांगला, यावरही गंभीर चर्चा झाल्या. अशा वस्तूची किंमत कुठल्या तोंडानं सांगायची?

आणि 'जड म्हणजे भारी' म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे एलएस३/५ए आहे. म्हणजे माझ्याकडे नाही, दोन भावांकडे आहे. बीबीसीनं सत्तरच्या दशकात ध्वनिमुद्रणाच्या गाड्यांतल्या अपुऱ्या जागेसाठी हा फूटभर उंचीचा स्पीकर घडवला आणि वेगवेगळ्या कंपन्यांना बनवायचा परवाना दिला. पातळ प्लायचा, दिसायला बिचारा. पण बोलणाऱ्या माणसाचा आवाज यातून जितका खरा येतो तितका क्वचितच कशातून. जुन्या, १५ ओहमवाल्या, धडधाकट जोडीला आज लाखावर रुपये मोजणारी माणसं आहेत.

या भावांच्या वडिलांनी इंग्लंडहून रॉजर्सची जोडी आणली होती. वाटणी झाली तेव्हा आंब्याची झाडं मोजली, तांब्याची घंगाळं मोजली आणि एकेक स्पीकर वाटून घेतला. आता जोडी लाखाची असली म्हणून एकटा पन्नास हजारांचा होत नाही. एकट्याला विचारतो तोच, ज्याचा दुसरा बिघडलाय. शिवाय जोडी अस्सल आहे का, हे अनुक्रमांकांवरून ठरणार. थोरले कोथरूडला, धाकटे सहकारनगरला, आणि मधे बरीच वर्षं अबोला. मी म्हटलं, दोन्ही माझ्याकडे आणा.

आले. एकमेकांकडे न बघता दोघांनी आपापला स्पीकर टेबलावर ठेवला, अर्थातच तोंड पुढे करून. मी दोन्ही फिरवले. क्रमांक एकच, थोरल्यांच्याला पुढे ए, धाकट्यांच्याला बी.

"पाहिलंस?" इतक्या वर्षांत थोरले पहिल्यांदा भावाशी बोलले. "ए."

धाकटे माझ्याकडे वळले. "एची किंमत बीपेक्षा जास्त असते का हो?"

"नाही. तंतोतंत सारखी."

"मग विकायचे नाहीत," थोरले म्हणाले, आणि ए काखेत मारून जिना उतरू लागले.