बटणाला हात लावू नका

संगणक अडला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो, ‘रीस्टार्ट करून बघा.’ घरच्या राउटरला तो चालतो. पण शेकडो यंत्रं एकाच सामायिक फाइल-व्यवस्थेवर काम करत असतील, तिथे रीस्टार्ट हा पहिला उपाय असणं घातक आहे. १४ जानेवारी २०२१ या दिवसाने हे पुरतं सिद्ध केलं.

आपल्याकडे त्या दिवशी संक्रांत होती. दुपारचे १ वाजून ५५ मिनिटं ३६ सेकंद झाले आणि ओपनएएफएसच्या १.८ मालिकेत दडून बसलेला एक दोष जागा झाला. जगभरची विद्यापीठं आणि प्रयोगशाळा ही फाइल-व्यवस्था वापरतात. जी यंत्रं आधीपासून चालू होती, त्यांचं काम चालू राहिलं. त्या क्षणानंतर जे यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, त्याला सर्व्हरशी बोलताच येईना. म्हणजे एखादा क्लायंट वेगळ्याच कारणाने कुरकुरत होता आणि कोणी सवयीने बटण दाबलं, तर कुरकुरणारं यंत्र थेट निकामी झालं.

कारण घड्याळात होतं. संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. त्या दुपारी तो आकडा १,६१,०६,१२,७३६ झाला. सर्व्हरशी होणाऱ्या जोडणीचा सुरुवातीचा क्रमांक ठरवताना ओपनएएफएस हेच सेकंद वापरायचं. ते बायनरीत दोन घरं डावीकडे सरकवले की ३२ बिटांतला सर्वांत वरचा बिट त्या क्षणापासून १ होऊ लागला आणि क्रमांक देण्याचं गणितच कोलमडलं. हा क्रमांक सॉफ्टवेअर सुरू होताना ठरतो, म्हणून आधीपासून चालू असलेले वाचले. दुरुस्ती १.८.७ या आवृत्तीत आली. ती ताबडतोब तयार करणाऱ्या मोजक्या माणसांचे आभार मोठमोठ्या संस्थांनी जाहीरपणे मानायला हवे होते.

ओपनएएफएस ज्या एएफएसची खुली आवृत्ती आहे, ती एएफएस मूळची पिट्सबर्गची. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी १९८२ मध्ये एकत्र सुरू केलेल्या प्रकल्पातून ती घडली. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले महादेव सत्यनारायणन तिच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक. कल्पना आजही देखणी वाटते. फाइल एकदा मागवली की तिची प्रत तुमच्याच डिस्कवर राहते. दुसऱ्या कोणी ती बदलली, तर सर्व्हर स्वतःहून तुम्हाला कळवतो. त्यामुळे दर वेळी सर्व्हरला विचारत बसावं लागत नाही आणि एक सर्व्हर पुष्कळ माणसांना पुरतो.

पण ‘सर्व्हर कळवतो’ म्हणजे सर्व्हरला तुमच्या दारापर्यंत येता आलं पाहिजे. बसवताना नेमकं हेच विसरलं जातं. फाइल सर्व्हर यूडीपीच्या ७००० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो, क्लायंट ७००१ वर. मध्ये फायरवॉल किंवा नॅट असेल, तर काही काळ शांतता राहिली की ते जोडणी विसरून जातं. मग सर्व्हरचा निरोप वाटेतच हरवतो. वापरणाऱ्याला इतकंच दिसतं, की फाइल जुनी आहे किंवा फाइलींची यादी दाखवणारं साधं ‘एलएस’ही टांगून पडलं आहे. इथे रीस्टार्ट केलं की नवी जोडणी होते, सगळं ठीक वाटतं आणि थोड्या वेळाने तेच पुन्हा घडतं. मूळ रोग तसाच राहतो. असा रीस्टार्ट म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन काढणं.

घड्याळाचंही तेच. ओळख पटवण्याचं काम कर्बेरॉस करतं आणि त्याला दोन यंत्रांच्या घड्याळांत सहसा पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपत नाही. पासवर्ड बरोबर, नेटवर्क बरोबर, तरी प्रवेश नाही, असं झालं तर आधी ‘डेट’ टाइप करा. सेलचं, म्हणजे एका संस्थेच्या एएफएस सर्व्हरांच्या गटाचं, नाव चुकलेलं असणं आणि सर्व्हरच्या यादीत जुना पत्ता राहणं ही आणखी दोन नेहमीची कारणं. दोन्ही गोष्टी साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. त्या उघडून वाचा. न वाचता पुन्हा बसवण्यात अख्खा दिवस घालवणारे जाणते लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा राग येतो.

आता क्रॅशबद्दल. लिनक्सवर ओपनएएफएसचा क्लायंट कर्नलच्या आत मॉड्यूल म्हणून चालतो. आयबीएमने २००० साली कोड खुला केला तो स्वतःच्या परवान्याखाली, आणि तो परवाना कर्नलच्या जीपीएलशी जुळत नाही. म्हणून हे मॉड्यूल कर्नलच्या मुख्य कोडमध्ये जाऊ शकत नाही. कर्नल बदलला की ते त्याच्यासाठी नव्याने बांधावं लागतं. रात्री अपडेट आपोआप लागतं, पुढच्या रीस्टार्टला मॉड्यूल चढत नाही आणि सगळ्यांची होम डिरेक्टरी गायब. वाईट म्हणजे हे अपडेटच्या दिवशी कळतही नाही. यंत्र तीन आठवड्यांनी कोणीतरी रीस्टार्ट करतो, तेव्हा कळतं. म्हणून माझा आग्रह आहे: कर्नलचं अपडेट आधी एका यंत्रावर लावा, ते यंत्र मुद्दाम रीस्टार्ट करा, फाइली दिसतात का पाहा, आणि मगच बाकीच्यांकडे वळा. संक्रांतीच्या त्या दुपारी ज्यांनी आधी एकच यंत्र सुरू करून पाहिलं असेल, त्यांचं नुकसानही एकाच यंत्रापुरतं राहिलं असेल.

आणि क्लायंट अडला की हात बटणाकडे जाण्याआधी कर्नलची नोंद वाचा. फाइल सर्व्हरशी संपर्क तुटला, तर कोणत्या पत्त्याच्या सर्व्हरशी, हे क्लायंट तिथे स्पष्ट लिहितो. ‘एफएस चेकसर्व्हर्स’ चालवा, कोणता सर्व्हर उत्तर देत नाही ते कळेल. फाइलींच्या प्रती साठवणाऱ्या कॅशेचं विभाजन भरलं आहे का, ते ‘डीएफ’ सांगेल. हे करायला चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही.

यंत्रच कोसळलं, तर कर्नलने शेवटी काढलेला माग पडद्यावर किंवा मेमरीत असतो. वीज तोडली की मेमरीतला माग संपला. दोष दुरुस्त करणाऱ्यांना हवा असतो तो हाच माग, आणि तोच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तो जपून ठेवणारं केडंप त्यासाठीच आहे. त्याला थोडी मेमरी कायमची राखून ठेवावी लागते. ती द्या, आणि पुढचा क्रॅश होण्याआधी द्या.