जपानकाका

गुरुकुंज मोझरीच्या थांब्यावर एसटीला दहा मिनिटं उशीर झाला, की जाणती माणसं हळूच बाजूला सरकतात. आता जपानकाका बोलणार! "आमच्या तिकडे..." काका सुरू करतात. तिकडे म्हणजे तिवसा नव्हे, टोकियो. व्हिसा संपेस्तोवर पोराकडे राहून आले, त्याला वर्षं लोटली. मन मात्र अजून तिथल्याच फलाटावर. तेव्हापासून पासपोर्ट शर्टाच्या खिशात असतो, न जाणो!

असले नमुने हल्ली वऱ्हाडात गावोगाव सापडतात. कुठे दुबईभाऊ, कुठे अमेरिकेची आजी. मोझरीच्या नमुन्याची ऐट न्यारी, कारण इथलेच तुकडोजी महाराज १९५५ साली खंजिरी घेऊन विश्वधर्म परिषदेला जपानलाच गेले होते. "महाराज गेले, मंग मी गेलो," असं काका मधली सगळी वर्षं गिळून सांगतात. एकदा तर त्यांनी महाराजांना बुलेट ट्रेनमध्ये बसवलं. ती गाडी १९६४ साली सुरू झाली, असं एका कॉलेजच्या पोरानं काढून दाखवलं. काका उखडले, "मंग महाराजांसाठी आधी सोडली असन!"

"तथी रस्त्यावर कचऱ्याचा डबा दिसत नाई. माणूस कचरा खिशात घालून घरी नेते," एवढं सांगून काका खर्र्याची पन्नी थांब्यामागे भिरकावतात. खिशात पासपोर्ट असतो ना! महाराजांनी जन्मभर ग्रामसफाई शिकवली, आणि त्यांच्याच गावातल्या माणसाला स्वच्छतेचा शोध विमानाचं तिकीट काढून लागला, हे मला जरा खटकतंच.

पोरगा दिवाळीत आला तेव्हा काकांचं खरं दुखणं कळलं. टोकियोत बाबा रोज बागेतल्या बाकावर बसून एका जपानी म्हाताऱ्याला मोझरीचं वर्णन ऐकवायचे, अस्सल वऱ्हाडीतून. म्हातारा दर वाक्याला मान लववायचा. मधे तोंड घालणं नाही, "काका, हे सांगून झालं" नाही. असा श्रोता सबंध तिवसा तालुक्यात मिळायचा नाही.

इथे काका गप्प होतात ते फक्त महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात. आश्विन वद्य पंचमीला, संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं मौन श्रद्धांजलीला जागच्या जागी उभी राहतात. त्या वक्तशीरपणाची तारीफ काकांनी अजून केलेली नाही. गेल्या साली मौन सुटताच त्यांनी शेजारी पाहिलं. परगावच्या एक बाई पहिल्यांदाच आल्या होत्या.

"ताई," काकांनी घसा खाकरला, "तुम्ही कधी जपानले गेल्ता काय?"