हुकूमनामा गोंदियाला येतो

क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि तिच्यावरचा हुकूमनामा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कर्जदाराला सहसा बेलीफ दारात उभा राहिल्यावर कळते. थकबाकीसाठी दावा लावायला बँकेला ३ वर्षे मिळतात. एकदा निकाल लागला की तो वसूल करायला मुदत कायद्याचा अनुच्छेद १३६ चांगली १२ वर्षे देतो. तेवढ्यात कार्ड कात्रीने कापून झालेले असते आणि त्याच्यावर घेतलेला टीव्ही भंगारवाल्याकडे गेलेला असतो. हुकूमनाम्याची प्रकृती मात्र ठणठणीत असते.

गोंदिया जिल्ह्यात असा हुकूमनामा बहुधा परगावाहून येतो. कार्ड मुंबईला नोकरीत असताना घेतलेले, दावाही तिथल्याच कोर्टात, आणि समन्स कधीच सोडलेल्या भाड्याच्या खोलीवर. पाकीट शेरा घेऊन परत जाते, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापून येते, ती कुणी वाचत नाही आणि निकाल एकतर्फी होतो. पुढे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ खाली तो गोंदियाच्या कोर्टात दरखास्तीसाठी, म्हणजे वसुलीसाठी, वर्ग होतो, आणि आपण कधी काळी एक खटला हरलो होतो ही बातमी रेलटोलीतल्या घरी पोचते.

एकतर्फी निकाल रद्द करून मागता येतो. मुदत ३० दिवसांची. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर ती निकाल कळल्यापासून धरतात. पण हा अर्ज ज्या कोर्टाने निकाल दिला तिथेच करावा लागतो. गोंदियाचे कोर्ट फक्त वसुलीचे मालक; निकाल बरोबर की चूक, हे ते पाहत नाही. मुंबईची विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहूनच सुटते, एवढीच काय ती सोय.

जप्तीची मात्र लोकांना वाजवीपेक्षा जास्त धास्ती असते. कलम ६० वाचले तर कायद्याला संसाराची बरीच माहिती असल्याचे दिसते. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, पलंग, धर्माप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल, बियाणे आणि त्याचे राहते घर, यांना बेलीफ हात लावू शकत नाही. फ्रिज आणि दुचाकी जप्तीच्या यादीत जातात. बैठकीतला दिवाण हा पलंग की फर्निचर, यावर गृहिणी आणि बेलीफ यांच्यात जो युक्तिवाद होतो तो मूळ खटल्यात झाला असता तर निकाल एकतर्फी लागलाच नसता. पंच म्हणून शेजारीच उभे असल्याने गुप्तता उरत नाही. धानाच्या या मुलखात जप्तीच्या दिवशी शेतकऱ्यांची संख्या वाढते. गावाकडचा जुना सातबारा बाहेर निघतो. मात्र पोट खरोखर शेतीवर चालते का, हे कोर्ट विचारते.

पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे २५,००० पगार असेल तर ८,००० जप्त होऊ शकतात. भविष्य निर्वाह निधीला हात लागत नाही.

तुरुंगाची धमकी फोनवर सढळ हाताने दिली जाते. दिवाणी कैद कायद्यात आहे. रक्कम ५,००० च्या वर असेल तर ३ महिन्यांपर्यंत. पण पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक होत नाही, आणि ऐपतच नसलेल्या माणसाला आत टाकता येणार नाही, ऐपत असून चुकवेगिरी करत असल्याचे दिसले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात सांगितले. शिवाय कैदेतल्या ऋणकोच्या जेवणाखाण्याचा भत्ता धनकोने भरायचा असतो. उधारी वसूल करायला निघून वर जेवण घालायचे, हा हिशेब फारशा बँकांना पटत नाही.

वसुलीवाल्याचे आवडते वाक्य म्हणजे, “भाऊ, निदान पाचशे तरी टाका.” रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे हे त्याने सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळातच म्हणायचे असते. दावा लागण्याआधी, मुदतीच्या आत असे पाचशे भरून सही दिली तर ३ वर्षे नव्याने सुरू होतात. हुकूमनाम्याची १२ वर्षे मात्र अशा पाचशेने वाढत नाहीत. अर्थात त्या अवधीत दरखास्त दाखल झाली असेल तर १३ व्या वर्षाची वाट पाहण्यात अर्थ नाही. ती चालूच राहते.

तडजोड करायची तर लोकअदालत बरी. तिथला निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. बाहेरच्या बाहेर पैसे दिले असतील तर आदेश २१, नियम २ विसरू नये: कोर्टात न नोंदवलेला भरणा दरखास्तीचे कोर्ट जमेत धरत नाही. ऋणकोला ती नोंद करून घ्यायला ३० दिवस मिळतात. तेव्हा बँकेची पावती लॅमिनेट करून कपाटात ठेवण्याआधी तिची प्रत वकिलामार्फत कोर्टात दाखल करावी.