आधी तिचं ताट वाढा

डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं की घरातला पुरुष दुसऱ्या दिवसापासून ज्वारीची भाकरी मागतो. मुलांना पोळीच हवी असते, सासूबाईंना मऊ भात. एकाने पथ्य धरलं की ओट्यावरचं काम दुप्पट होतं. ते उपसणारी बाई मात्र एकच असते, आणि तिच्या पथ्याचं कोणी विचारत नाही.

तिचं ताट एकदा नीट बघा. दुपारचे दोन वाजलेले. ताटात कालच्या दोन पोळ्या, कारण टाकायच्या कशाला. भाजीचा तळाशी उरलेला रस, जोडीला लोणचं. कोशिंबीर संपलेली, मोडाची मटकी डब्यांत गेलेली. जेवण उरकलं की लगेच कपभर चहा. पोटात थोडंफार लोह गेलंच असेल तर ते अंगी लागण्यात तो चहा आडवा येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. त्याची कारणं अनेक आहेत. सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं जेवणं हे त्यातलं आपल्या डोळ्यांसमोरचं.

व्यायामाचा विषय काढला की उत्तर तयार असतं: ‘घरकामात होतोच की व्यायाम!’ हे वाक्य आता बंद करा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. मध्यम श्रम म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतका श्वास वाढायला हवा. जोर लावून फरशी पुसताना तो वाढतो, ती मिनिटं जरूर धरा. पण ओट्यापाशी तासभर उभं राहून पोळ्या लाटताना पाय भरून येतात, कंबर धरते, श्वास तिथल्या तिथेच राहतो. पाळी गेल्यावर हाडांची झीज वेगाने होते, आणि इतकी वर्षं केलेली हयगय तेव्हा अंगाशी येते.

जेवण बदलायचं तर सगळ्यांचं बदला. भाकरी तर सगळ्यांना भाकरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचवलेल्या २००० कॅलरींच्या आहारात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आहेत, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत आणि तेल-तूप फक्त २७ ग्रॅम. चौघांच्या घराला महिन्याला साधारण सव्वातीन किलो. किराणा भरतानाच तेवढं आणा, म्हणजे रोज फोडणीला हात आखडावा लागणार नाही. उसळीवर लिंबू पिळा, चहा तास-दीड तासाने घ्या. आणि सगळे एकत्र बसा, म्हणजे कोशिंबीर तिच्याही वाट्याला येईल.

संध्याकाळी तिला अर्धा तास भरभर चालायला बाहेर पडू द्या. डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावणं घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आलंच पाहिजे. आणि ताई, तुम्हीही कोणाच्या परवानगीची वाट बघू नका. चपला घाला आणि निघा. परत आल्यावर गरम पोळी पहिल्यांदा स्वतःच्या ताटात वाढून घ्या. एकाच्या पथ्यासाठी दुसरी उपाशी राबत असेल, तर त्या घराची शुगर कितीही खाली आली तरी मी त्याला निरोगी म्हणणार नाही.